वहीत नसलेले चार दिवस

दक्षाच्या पाठीवर एकेचाळीस ठिपके झाले तेव्हा योगिताने ठरवलं, आता मोजायचं नाही. दुसऱ्या दिवशी ओटीवर ऊन आलं आणि ती पुन्हा मोजायला बसली.

“हात वर कर.”

“आई, उशीर होतोय मला.”

“कसला उशीर? शाळेत कुठे जायचंय तुला.”

बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. सात वर्षांच्या पोरीने मुकाट्याने हात वर केले. काखेखाली, बरगड्यांवर, कमरेच्या नाडीपाशी, जिथे बघावं तिथे मसुराच्या दाण्याएवढे लाल ठिपके आणि प्रत्येकावर पांढरा पापुद्रा. जरा नख लागलं की पापुद्रा पिठासारखा झडायचा. अंथरुणात तो भुसा, फ्रॉकच्या शिवणीत तो भुसा. दसऱ्यानंतरच्या रविवारी अंघोळ घालताना पोटावर पाच-सहा दिसले तेव्हा वाटलं होतं, डास चावले असतील. बुधवारपर्यंत पाठ, दंड, मांड्या सगळं भरलं. कुणीतरी ओला हात झटकावा आणि शिंतोडे उडावेत तसं. पहिले ठिपके दिसल्याला आता अकरा दिवस झाले होते.

त्रेचाळीस. तिने वहीत आकडा लिहिला आणि डोळे मिटून कुडाला डोकं टेकलं. अकरा दिवसांत तिची एकही झोप पुरी झाली नव्हती. पोरीने कूस वळवली तरी हिला जाग यायची.

वहीची सवय जुनी होती. दक्षा आठव्या महिन्यात जन्मली, पावणेदोन किलोची. तेव्हा नर्सने सांगितलं होतं, किती वेळा पाजलं, किती वेळा ओली केली, सगळं लिहून ठेवा. योगिता सरावलीची, डहाणूच्या कॉलेजात बीए झालेली. लिहायला सांगितलं म्हटल्यावर ती लिहू लागली आणि मग थांबलीच नाही. पहिली वही संपली, दुसरी, तिसरी संपली, ही चौथी. लस कधी, ताप किती, जंताची गोळी कधी, सगळं तारीखवार. त्यातच मधूनमधून अशाही ओळी असत: ‘आजीने न विचारता मध चाटवला.’ ‘आजीने नदीवर नेलं, संध्याकाळी शिंका.’ रखमीला, तिच्या सासूला, वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव त्या वहीत आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाड्यातल्या बायकांना ती सांगायची, “आमच्या घरात सून नाय आली, तलाठीण आलीय. इकडे पोर शिंकली, तिकडे नोंद झाली.”

एरवी रखमीला कशावर मत नाही असं नव्हतंच. शेजारच्या म्हशीने दूध का चोरलं इथपासून उधव्याच्या बाजारात मिरची का महागली इथपर्यंत. पण ह्या ठिपक्यांवर तिने अकरा दिवसांत अक्षर काढलं नव्हतं. योगिता वाट बघत होती, की आता ही म्हणेल देवीचं हाय, बाया आल्यात, दारात कडुलिंब लाव, घरात फोडणी बंद, औषध द्यायचं नाय. त्यावर काय बोलायचं तेही तिने तयार ठेवलं होतं. गोवराच्या लसीचं कार्डच काढून दाखवणार होती. ते बोलणं तसंच पडून राहिलं. रखमीने पहिल्या दिवशी पोरीला उजेडात नेलं, हनुवटी धरून तोंड वर केलं, बराच वेळ बघितलं. मग फ्रॉक खाली ओढला आणि विळा घेऊन भात कापायला निघून गेली.

त्या गप्प बसण्याचा योगिताने एकच अर्थ लावला. म्हातारीने असलं पूर्वी पाहिलेलं आहे. हा महारोग आहे आणि तिच्या तोंडून ते निघत नाही.

तो शब्द घरात आणला संगिताने. संगिता पाड्याची आशा वर्कर. कुष्ठरोगाची शोधमोहीम चालू होती. घरोघर जाऊन अंग बघायचं, फॉर्म भरायचा आणि दाराशेजारी खडूने खूण करायची, की हे घर झालं. ती खूण सगळ्याच घरांवर होती. पण संगिताने दक्षाचा फ्रॉक वर करून बघितला, जीभ टाळूला लावून ‘चक्’ केलं आणि नाव वेगळ्या कागदावर लिहिलं. तेव्हापासून पाड्याला फक्त ह्याच घरावरची खूण दिसायला लागली.

“अगं, संशयित म्हणजे आहेच असं नाही,” संगिता म्हणाली. “मला चट्टा दिसला की लिहावंच लागतं. डॉक्टर बघतील.”

“कधी?”

“सध्या ते शिबिरात आहेत. पुढल्या आठवड्यात येतील.”

“तोवर?”

संगिता चांगली बाई होती. तिने छत्री उघडली, पुन्हा मिटली. “तोवर कुणाला सांगू नको,” ती म्हणाली. पण तोवर गोष्ट शाळेत पोचलीही होती.

शाळेत मनिष सरांनी दक्षाला दाराजवळ वेगळ्या गोणपाटावर बसवलं. खिचडीची ताटली तिच्यापुढे सरकवली. पोरं ताटलीकडे बघत राहिली. मग कुणीतरी म्हणालं, “खवल्या मांजर,” आणि सगळी पोरं खिदळली. सर घरी आले, ओटीवर न बसता उभ्यानेच बोलले.

“वहिनी, माझं काही नाही. पण पालक येऊन बसतात माझ्या डोक्यावर. डॉक्टरांचं एक पत्र आणा, की बसायला हरकत नाही. त्याच दिवशी पहिल्या बाकावर बसवतो.”

“आणि पत्रात हरकत आहे असं आलं तर?”

सर खाली बघून चपलेने माती उकरत राहिले.

पोटातली एक गोष्ट मात्र योगिताने कुणालाच सांगितली नव्हती. मुकेश, तिचा नवरा, चारोटीला हायवेवर एका गॅरेजात टायरचं काम करायचा, एक दिवसाआड घरी यायचा. त्याने तिथल्या मेडिकलवाल्याला फोनमधला फोटो दाखवला. “गजकर्ण आहे, सगळे ट्रकवाले हीच नेतात,” म्हणून त्याने एक ट्यूब दिली. डॉक्टरला न दाखवता मेडिकलमधून काही आणू नका, हे पाड्यात सगळ्यांना ओरडून सांगणारी योगिताच होती. तिने ती ट्यूब लावली. चार दिवस ठिपके फिके पडले, ती देवाला हात जोडून मोकळी झाली. पाचव्या दिवशी दुपटीने उठले. तिने ट्यूब पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबली. वहीत तिची नोंद केली नाही.

त्या सकाळी, त्रेचाळीस लिहून झाल्यावर, तिने मुकेशला फोन लावला.

“मी हिला घेऊन डहाणूला चाललेय. चामडीच्या डॉक्टरकडे.”

“आज? अगं शनिवारी मी येतो ना, मग जाऊ सगळे.”

“शनिवारपर्यंत मी वेडी होईन.”

“आईला सांगितलंस?”

रखमी मागे उभीच होती. डोक्याला पदर, हातात विळा. शेतात कापणी अर्धी पडलेली होती, मजूर येऊन थांबले होते. तिने विळा वाशाला अडकवला.

“मी बी येते.”

“तुम्ही कशाला आई? शेतावर कोण बघणार?”

“भात काय पळून जात नाय,” रखमी म्हणाली आणि ठेवणीतलं लुगडं काढायला आत गेली.

उधव्याहून तलासरीपर्यंत जीप मिळाली. जीपमध्ये माणसावर माणूस. दक्षाच्या फ्रॉकची बाही वर सरकली तशी शेजारच्या बाईने आपला पदर आवरून घेतला, मग गुडघे आवरले, मग सगळीच बाई अंग चोरून खिडकीला चिकटली. योगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमीने त्या बाईकडे नीट बघून घेतलं.

“चावत नाय ती,” रखमी म्हणाली. “चावते ती मी.”

ड्रायव्हरही हसला. दक्षा आजीच्या मांडीत तोंड खुपसून हसली. योगिताला हसू आलं नाही. तिला वाटत होतं, ही आपल्याला धीर देण्यासाठी बोलतेय आणि आतून हिला सगळं माहीत आहे.

तलासरीहून हायवेने चारोटी. नाक्यावर मुकेश पाण्याची बाटली घेऊन उभा होता, हात ग्रीसने काळे. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा म्हणून उचलला, स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि कोपराने तिचा गाल पुसला. मग डहाणूची रिक्षा. सरावली आली तसा योगिताच्या माहेरचा रस्ता डावीकडे दिसला. एरवी ती नेहमी इथे उतरायची. सर्वपित्रीच्या आधी आईच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती चार दिवस इथेच होती. दक्षाच्या जन्मापासून पोरीला सोडून राहिलेले तेवढेच चार दिवस. आज तिने रिक्षा थांबवली नाही. पोरीचे हात बघून आई रडली असती, आणि आणखी एकाचं रडू सांभाळायचं बळ तिच्यात नव्हतं.

दवाखाना स्टेशनकडच्या बाजूला, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. डॉक्टरबाई साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले. मराठी बोलायच्या पण मधूनमधून गुजराती यायचंच. त्यांनी दिवा लावला नाही. दक्षाला खिडकीशी नेलं.

“मने उजेड जोवे, दिवा नाही चालत. इकडे ये दीकरा. नाव काय?”

“दक्षा.”

“कितवीत?”

“दुसरीत. पण आता जात नाय.”

डॉक्टरबाईंनी योगिताकडे बघितलं. त्यांनी डोक्यातले केस बाजूला करून बघितले, कानामागे, कोपरं, गुडघे, मग दहाही नखं एकेक करून. योगिता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी कापसाचं टोक केलं, दक्षाला डोळे मिटायला सांगितले.

“मी हात लावला की ‘हां’ बोलायचं. चीटिंग नाही करायची.”

“हां… हां… हां. गुदगुल्या होतात.”

“गुदगुल्या होतात तर लई सरस.” प्रत्येक ठिपक्याला दक्षाने हां म्हटलं. डॉक्टरबाई वळल्या. “बेन, एक गोष्ट पहिली सांगून टाकते, नाहीतर तुम्ही इथेच चक्कर येऊन पडणार. कुष्ठरोग नाही. त्यात चट्ट्याला कळत नाही, बधिर असतो. आणि असा आठ दिवसांत अंगभर उठत नाही. तो हळू चालतो.”

योगिता खुर्चीत बसली. बसताना तिला कळलं, की आपण इतका वेळ उभ्याच होतो.

“मग काय आहे?”

“ते बघते.” डॉक्टरबाईंनी काचेची पट्टी घेतली आणि तिच्या कडेने एका ठिपक्यावरून हलकेच खरवडलं. मेणबत्तीवरून मेण निघावं तसे पांढरे पापुद्रे निघाले. मग त्यांनी आणखी एकदा पट्टी फिरवली. खालच्या ओल्या लाल कातडीवर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे दोन-तीन थेंब उभे राहिले. डॉक्टरबाईंनी मान हलवली.

“गजकर्ण पण नाही. ह्याच्या आधी काही लावलं?”

“खोबरेल,” योगिता म्हणाली. “फक्त खोबरेल.”

पर्स तिच्या मांडीवर होती. तिने ती घट्ट धरली.

“आणि आजारी होती का? हे उठायच्या आधी दोन-तीन आठवडे? ताप, सर्दी, घसा?”

“नाही.”

“आठवून बोला.”

“नाही डॉक्टर. मी रोज लिहिते.” योगिताने वही काढून टेबलावर ठेवली. इथे तरी तिला खात्री होती. “बघा तुम्ही. ऑगस्टात सर्दी, चार दिवस. त्यानंतर काही नाही. एक शिंकसुद्धा नाही.”

डॉक्टरबाईंनी वही चाळली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं, मग आठी. “असं लिहिणारी आई मी पहिल्यांदा बघते. पण बेन, गोष्ट जुळत नाही. हे असं थेंबाथेंबाने, अचानक, लहान पोराला उठतं ना, तेव्हा मागे बहुधा घसा असतो. घशाचं इन्फेक्शन जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी चामडीवर हे येतं. तसं नसेल तर मला दुसरं काय काय शोधायला लागेल. चामडीचा बारीक तुकडा काढून मुंबईला पाठवायचा, मग रिपोर्टची वाट बघायची.”

“किती दिवस?”

“पंधरा धरून चाला.”

पंधरा दिवस. गोणपाट, सरकवलेली ताटली, खडूची खूण. योगिताने डोळे मिटले.

“आ कर दीकरा.” बॅटरी लागली. “हं. टॉन्सिल तर मोठ्या सोपारीसारख्या आहेत. गिळताना दुखतं?”

दक्षाने तोंड मिटलं आणि आजीकडे बघितलं.

ती नजर योगिताने पकडली. डॉक्टरबाईंनीही पकडली.

“आता नाय दुखत,” दक्षा पुटपुटली.

“आता नाही. मग कधी?”

रखमी दाराजवळच्या बाकावर बसली होती, ठेवणीतल्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पिळत. ती उठली. जणू कोर्टात नाव पुकारलं होतं.

“दुखत होता,” ती म्हणाली. “तीन दिस ताप होता. पाणी पन गिळत नव्हती.”

“कधी?” योगिता म्हणाली. “कधी आई?”

“तू आईच्या डोळ्याला गेलेली तवा.”

मग ते सगळं आलं, थांबत थांबत. योगिता गेली त्याच रात्री पोर तापली. दुसऱ्या दिवशी गळ्याखाली गाठी आल्या. रखमीने तिला पाठकुळी घेतलं आणि वरच्या पाड्यावर सोमीकडे नेलं. सोमी म्हातारी पडजीभ उचलायची. बोटाला चुलीतली राख आणि मीठ लावून पोराच्या घशात घालायची आणि आतून वर दाबायची. पाड्यातल्या चार पिढ्यांचे घसे तिने तसेच उचलले होते, मुकेशचासुद्धा. दोन दिवस उचलला. दक्षा रडली, ओकली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी आई परत आली तेव्हा पोर ओटीवर सागरगोटे खेळत होती.

“आनी मी पोरीला सांगितला, आईला बोलू नको,” रखमी म्हणाली. “मंग हे उठला. राखेचा ठिपका न् ठिपका भायेर आला. मला पयल्या दिशीच कळला. सोमीचा बोट मी घातला तिच्या तोंडात, तो आता अंगावर फुटला.” तिने डॉक्टरबाईंकडे बघितलं. “राखेनीच झाला ना बाय? सांगून टाक. मी ऐकायलाच आलेय.”

अकरा दिवस योगिताने ज्या गप्प बसण्याला महारोग समजून रात्री काढल्या, ते हे होतं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून रखमीला जवळ बसवलं.

“ना मावशी. राखेने नाही झालं. घशात जंतू होते, राख घातली नसती तरी होते. अंग त्या जंतूंशी भांडलं, आणि भांडता भांडता आपल्याच चामडीवर उलटलं. असं काही पोरांत होतं. कुणात का होतं आणि कुणात का नाही, ते आम्हाला पण पूर्ण कळलेलं नाही. पण घशात बोट नाही घालायचं परत. श्वास कोंडला तर? आणि घसा धरला, ताप आला, तर डॉक्टर. त्या वेळी पाच-दहा दिवसांचं औषध पुरं घेतलं असतं तर बरं झालं असतं. तरी हे उठलंच नसतं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार.”

“मग ह्याला म्हणतात काय?” योगिताने विचारलं.

“सोरायसिस. त्यातला थेंबांचा प्रकार, गटेट.”

तो शब्द योगिताने ऐकलेला होता. पाड्याच्या वळणावर जिथे नेट येतं तिथे उभं राहून तिने रात्रंदिवस फोटो बघितले होते. “म्हणजे आयुष्यभर?”

“हा प्रकार बऱ्याच पोरांत दोन-तीन महिन्यांत निघून जातो. काहींना घसा धरला की परत येतो. थोड्यांना पुढे मोठा होतो. तुमच्या हिचं कुठलं, ते आज नाही सांगता येणार. खोटं बोलून घरी पाठवायला मला आवडत नाही.”

योगिताने मान हलवली. उत्तर पुरं नव्हतं, पण ते ऐकायला बरं वाटत होतं. मग तिने पर्सचा आतला कप्पा उघडला, चेपलेली ट्यूब काढली आणि वहीवर ठेवली.

“हीपण लावली. चार दिवस. खोबरेल म्हटलं मी, ते खोटं होतं.”

रखमीने ट्यूबकडे बघितलं, मग सुनेकडे. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि सुस्कारा सोडला.

“हिच्यात भारी स्टिरॉइड आहे. दाबून टाकते आणि सोडली की दुप्पट उठवते. म्हणून मला खरवडताना वाटत होतं, मधेच एवढं का भडकलं. फेकून द्या. घरातल्या सगळ्यांनी माझ्यापासून काय काय लपवलंय, ते आता एकदाच सांगून टाका. दीकरा, तुझं काही?”

दक्षाने विचार केला. “मी पापुद्रे काढते,” ती म्हणाली. “आणि भिंतीला चिकटवते.”

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. रखमीने तोंडावर पदर घेतला. योगिताला आपण हसतोय की रडतोय ते कळेना.

घशासाठी गोळ्या लिहिल्या, रक्ताची एक तपासणी, लावायला मलम, अंघोळीनंतर ओल्या अंगाला लावायचं साधं क्रीम, सकाळचं कोवळं ऊन. “ते तर तुम्ही देताच,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “फक्त मोजायचं सोडा.” आणि लेटरहेडवर, शिक्का मारून, शाळेसाठी पत्र: हा आजार संसर्गजन्य नाही, मुलीला वर्गात इतर मुलांबरोबर बसवण्यास, जेवण्यास व खेळण्यास कोणतीही हरकत नाही. ‘जेवण्यास’ हा शब्द योगिताने मागून घालून घेतला.

परतताना चारोटीला मुकेशने भजी आणली. तो ट्यूबचं ऐकून दुकानदाराकडे भांडायला निघाला, योगिताने त्याला हाताला धरून बसवलं. “आपणच मागितली होती,” ती म्हणाली. मग तो कामावर गेला, दक्षा बाकावर पेंगली, आणि हायवेच्या धुळीत दोघी बायका जीपची वाट बघत बसल्या. भजी थंड झाली.

योगिताने विचारलं, “मला का नाही सांगितलंत? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

रखमी समोरून जाणारे ट्रक बघत होती.

“खाल्ला नसता. वहीत लिहिला असता.”

ट्रकमागून ट्रक गेले. योगिताला त्या ओळी आठवल्या: आजीने न विचारता, आजीने न सांगता. चार वह्यांमध्ये आजीने काय चुकवलं ते सगळं होतं. तापलेली पोर पाठकुळी घेऊन आजी डोंगर चढली, हे कुठल्या पानावर असणार होतं? आणि जे लिहायला हवं होतं तेच त्यामुळे तिच्यापर्यंत आलं नाही. पंधरा दिवसांची वाट थोडक्यात चुकली होती, तीही म्हातारी स्वतःहून उठून उभी राहिली म्हणून.

“तुम्ही चढण चढलात हिला घेऊन? वरच्या पाड्यापर्यंत?”

“मंग काय करनार. तापानी भाजत होती.” रखमीने भजी उचलून दक्षाच्या हातात कोंबली. “गुडघा अजून धरलाय माझा. तो बी लिही.”

दुसऱ्या दिवशी मनिष सरांनी पत्र दोनदा वाचलं, हजेरीपटात ठेवलं आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. गोणपाट त्यांनी स्वतः उचललं. पोरं दोन दिवस ‘खवल्या मांजर’ म्हणाली, तिसऱ्या दिवशी कंटाळली. संगिताने कागदावरचं नाव खोडून पुढे डॉक्टरांचा शेरा लिहिला. “सांगत होते ना मी,” ती म्हणाली. योगिताने तिला चहा दिला. दारावरची खूण कुणी पुसली नाही. ती सगळ्यांच्याच दारावर होती.

पुढल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रखमी मलमाचं झाकण उघडून ओटीवर बसली आणि नातीला पुढ्यात घेतलं. एकेक ठिपका, करंगळीच्या टोकाने. योगिता शेजारी वही मांडीवर घेऊन बसली होती.

“खालचे जरा बसल्यासारखे वाटतात,” रखमी म्हणाली. “पन उजव्या खांद्याला एक नवा हाय. सांगून ठेवते, मागून बोलशील.”

“हं.”

“आनी सकाळपासनं दोनदा खोकली. सुका खोकला. गळा बघितला मी, बोट नाय घातला. चमच्यानी बघितला.”

“हं.”

“लिही की.”

रखमीने मान वळवली. योगिता कुडाला टेकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून गाढ झोपली होती. पेन मांडीवरून घसरून जमिनीवर गेलं होतं. दक्षा उठायला बघत होती, आजीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

“गप. झोपू दे तिला,” ती म्हणाली. “एक नवा, दोन खोकले. ध्यानात ठेव तू. उठली का सांगू.”